हात सुनंदाचा, नंबर दादांचा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. लेख छोट्या कारखानदारांना आणि दुकानदारांना उपयोगी पडेल असा असावा, आणि तो रागावून लिहिलेला नसावा. पहिली अट मान्य आहे. दुसरीचं काय होतंय ते बघू. लोकांच्या वेबसाइट बनवता बनवता माझे केस पिकले, आणि त्यातले निम्मे तरी गिऱ्हाइकांवर ओरडून पिकले असतील.

कासारवाडीला स्टेशनजवळ माझा गाळा आहे. आधी तिथे डीटीपी चालायचं. लेटरहेड, चलनबुकं, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं. तळेगावची माणसं लोकलने यायची, भोसरीची आणि चाकणची दुचाकीवरून. मग एकेक जण विचारायला लागला, मॅडम, तुमच्याकडे वेबसाइट होते का? मी शिकले आणि करायला लागले. नवरा म्हणायचा, चांगल्या चाललेल्या पत्रिका सोडून हे काय काढलंयस. आता त्याच्या मित्रांच्या साइट मीच बनवते.

आमच्या भागात लोक वेबसाइट कशासाठी करतात ते आधी सांगते. धंदा वाढावा म्हणून नाही. मोठ्या कंपनीचं काम हवं असेल तर नोंदणी करताना ते वेबसाइट विचारतात, तिथे काहीतरी लिहायला हवं, म्हणून. त्यामुळे गिऱ्हाईक दारातूनच सांगत येतं, मॅडम, कशीही करा, पण उद्या द्या. स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघताना असं म्हणाल का हो, कसंही चालेल पण उद्या हवं?

एका मिठाईवाल्याला साइट उघडली की आरती वाजायला हवी होती. मी म्हटलं, अहो, एखादा माणूस ऑफिसात बसून गुपचूप फरसाणाचा भाव बघत असेल आणि एकदम झांजा सुरू झाल्या, तर त्याची नोकरी जाईल. ते म्हणाले, देवाच्या नावानं कुणाची नोकरी जात नसते. दुसऱ्या एकाने 'आमच्याविषयी' हा मजकूर भलत्याच कुणाच्या साइटवरून उचलून मला पाठवला. त्यात लिहिलं होतं, लुधियाना शहरात आमच्या घराण्याचं मोठं नाव आहे. गृहस्थ मोशीचे. लुधियाना कुठल्या दिशेला आहे हेही त्यांनी सांगितलं नसतं.

भोसरीतल्या एका लेथवाल्याने माझं न ऐकता दुसरीकडून साइट करून घेतली आणि तिच्यावर परदेशी कारखान्यातल्या रोबोटचे फोटो लावले. एका कंपनीचे साहेब काम द्यायच्या आधी शेड बघायला आले. त्यांनी विचारलं, ते रोबोट कुठे आहेत? हा म्हणाला, सर्व्हिसिंगला पाठवलेत. साहेब चहा न घेता गेले. आणि हा माझ्याकडे येऊन मलाच सांगतो, मॅडम, वेबसाइटचा काही उपयोग नसतो.

तुमची जी मशिनं आहेत त्यांचेच फोटो लावा, जुनी असली तरी. काम देणारा माणूस तुमचं मशिन कोणतं आहे आणि त्यावर काय होऊ शकतं हे बघत असतो, सिनेमा बघत नसतो. पण लोकांना लाज वाटते. तेलाचे ओघळ, कोपऱ्यात लोखंडी कातऱ्याचा ढीग, मशिनच्या हॅन्डलवर वाळत घातलेला टॉवेल. म्हणून मी एक पद्धत पाडली. शेडचे फोटो मी खंडेनवमीलाच काढते. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, वर्षातून एकदा सगळं पुसून लख्ख होतं. झेंडूच्या माळा चढायच्या आधी फोटो, मग माळा, मग नारळ. माळा चढल्यावर काढला तर मशिन दिसतच नाही, नुसता झेंडू दिसतो. सकाळपासून गाडीवरून या शेडमधून त्या शेडमध्ये हिंडते आणि संध्याकाळी घरी येते ती कपाळभर कुंकू आणि पोटभर पेढे घेऊन.

आता खरं कामाचं सांगते, आणि इथे माझा आवाज चढणार आहे.

वेबसाइटला एक पत्ता असतो. त्याला डोमेन म्हणतात. तो दरवर्षी भाडं भरून आपल्याकडे ठेवायचा असतो, आणि आपल्याकडे म्हणजे एका ईमेलवर. तो ईमेल आणि त्याचा पासवर्ड ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमचा पत्ता. शेड तुमची, मशिन तुमचं, राबणारे तुम्ही. पण त्या पत्त्यावर गेल्यावर लोकांना काय दिसायचं, खाली कुणाचा फोन नंबर दिसायचा, हे तो ईमेलवाला ठरवणार. एवढीच गोष्ट आहे. ती कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

आणि आमची माणसं कशी? इथली जुनी गावकरी घराणी घ्या. वीतभर बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकतील. सातबाऱ्यावर नाव नीट लागलंय ना, हे बघायला तलाठ्याकडे चपला झिजवतील. त्यांनाच विचारा, डोमेन कुणाच्या नावावर आहे? ते पोरगं बघतं. कोणतं पोरगं? साडूचं. ते कुठंय? ते कॅनडाला गेलं. माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पण साडूच्या पोराचं मी एक वेळ समजू शकते. चाकणजवळ निघोज्याला जे झालं ते मला अजून पचलेलं नाही. ते सांगायचं म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला. यातली नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

निघोज्यात बाळासाहेबांची स्प्रिंगची शेड होती. स्प्रिंग बनवायचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. तार मशिनमध्ये घालायची, ती गुंडाळून स्प्रिंग होऊन बाहेर पडते, मग ती भट्टीत तापवायची, मग टोकं घासून सपाट करायची. यातलं प्रत्येक काम बिघडू शकतं. बाळासाहेब कंपनीत नोकरीला असताना हे शिकले आणि नोकरी सोडून त्यांनी स्वतःची शेड टाकली. मशिनवर ते, हाताखाली दोन कामगार, आणि बाकीचं सगळं त्यांची बायको सुनंदा. तार मागवायची, माल तपासून पाठवायचा, फोन घ्यायचे. मशिनच्या आवाजात बाळासाहेबांना फोन ऐकू यायचा नाही, म्हणून त्यांचा मोबाइल कायम सुनंदाच्या टेबलावर असायचा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा काही न बोलता बराच वेळ तिचे फोन ऐकत बसले. माझी ही सवय आहे. मालक काय सांगतो त्यापेक्षा फोनवर काय चालतं ते मी ऐकते. लोक विचारायचे, अमुक पंपात बसणारी स्प्रिंग आहे का, तमुक प्रेसमधली तुटली, तशीच मिळेल का. ती प्रत्येकाला न कंटाळता तेच सांगायची.

"स्प्रिंग हातात हाय का? मग आधी तारंची जाडी मोजा. मग भायेरून रुंदी. मग मोकळी ठिवून लांबी. मग येढे मोजा. आन दाबायची हाय का वढायची, त्ये सांगा."

मी म्हटलं, वहिनी, वेबसाइटचं काम झालं. तुम्ही आत्ता जे बोललात तेच आपण लिहायचं. ती हसायला लागली. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. पण हे मी सगळ्यांना सांगत आले, आज इथेही सांगते. तुम्ही गिऱ्हाइकाला दिवसभर जे तेच तेच सांगून दमता, ते तुमच्या साइटवर असलं पाहिजे. 'आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही' हे वाचायला कुणी येत नाही. तडजोड करतो असं कोण लिहिणार आहे?

खंडेनवमीला मी फोटो काढायला गेले. स्प्रिंग कशी मोजायची हे दाखवायचं म्हणून मी सुनंदाला टेबलाशी उभं केलं, एका हातात स्प्रिंग, दुसऱ्या हातात मोजायचा व्हर्निअर. नवरात्रात भरलेल्या हिरव्या बांगड्या तिच्या हातात होत्या. मला तिचा चेहराही हवा होता. बाळासाहेबांची काही हरकत नव्हती. पण पूजेला त्यांचे थोरले भाऊ विलासराव आले होते. त्यांना घरात आणि गावात सगळे दादाच म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात असतात, मोशीला त्यांची एक शेडही आहे, पांढरे कपडे, आवाज कधी चढत नाही. दादा म्हणाले, घरातल्या बायांचे फोटो नेटवर नकोत. झालं. चेहरा कापला गेला आणि फोटोत फक्त हात राहिला.

फोन नंबरचंही तेच. मी म्हटलं, फोन घेतात सुनंदावहिनी, उत्तरं देतात त्या, तर नंबर त्यांचा टाकू. दादा म्हणाले, बायकांचा नंबर असा चव्हाट्यावर टाकत नसतात. मग बाळासाहेबांचा टाकला. तो वाजायचा तिच्याच टेबलावर, म्हणून मी जास्त ताणलं नाही.

मी ताणलं ते डोमेनवर. दोघा भावांची वाटणी केव्हाच झालेली होती. शेड बाळासाहेबांच्या हिश्श्यात, मशिन त्यांचं, बँकेतलं खातं त्यांचं. मी म्हटलं, हा पत्ताही तुमच्याच ईमेलवर घ्या. तर ते मला म्हणाले,

"दादा असताना माझ्या नावावं? बरं दिसतं का त्ये?"

वाटणी झालेली असली तरी शेडवर काही नवं आलं की त्यावर पहिलं नाव थोरल्याचं, ही त्यांच्या घरची रीत. मान द्यायची पद्धत. मी पुष्कळ डोकं आपटलं. हा मानपानाचा विषय नाही, उद्या त्यांनी नंबर बदलला तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही, असं तोंडावर सांगितलं. बाळासाहेब कानाला हात लावून म्हणाले, दादांबद्दल असं बोलू नका. दादांनी त्यांचा ईमेल दिला. वाटणीनंतर त्या घरात जन्माला आलेली ती एकच मालमत्ता होती, आणि ती मालमत्ता आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

साइट चांगली चालली. म्हणजे खरोखरच चालली. स्प्रिंग तुटलेला माणूस मोबाइलवर शोधायचा, तर मोजायची रीत दाखवणारं ते पान त्याला सापडायचं, आणि मोजून झालं की तो खालच्याच नंबरवर फोन करायचा. कुठून कुठून फोन यायचे. सुनंदा मला सांगायची, ताई, लोकं माझ्या हाताचा फोटू बघूनच फोन करत्यात. 'मॅडम'ची 'ताई' कधी झाले ते मला कळलं नाही.

मग बाळासाहेब गेले. सकाळी शेडमध्येच छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी भेटायला गेले तेव्हा सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. मनगटं उघडी. बायका रडत होत्या आणि ती नुसती बघत होती. दादा सगळ्यांना पाणी विचारत होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं करत होते. मला वाटलं, बरं आहे, घरात मोठं माणूस आहे. असं मला वाटलं होतं!

पुढे काही महिन्यांनी तळेगावच्या एका ओळखीच्या कारखानदाराला स्प्रिंग हवी होती. मी त्याला निघोज्याची साइट बघायला सांगितली. त्याने दुसऱ्या दिवशी मला फोन केला. म्हणाला, मॅडम, तुम्ही तर बाई बोलतात म्हणालात, तिथे कुणी पुरुष बोलला आणि त्याने मला मोशीच्या शेडवर बोलावलंय. मी साइट उघडली. ते पान होतं तसंच होतं. सुनंदाचा हात, हिरव्या बांगड्या, व्हर्निअर. आणि खाली दादांचा नंबर.

मी लॉगिन करून बघितलं. पासवर्ड बदललेला. मालकाच्या ईमेलवरून कुणीही दुसऱ्या माणसाकडून हे करून घेऊ शकतं, ते बेकायदा नाही. कागदावर मालक दादाच होते.

मी तशीच गाडी काढली. चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकून मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने बोलत होते, आणि शेजारच्या रिक्षातली माणसं माझ्याकडे बघत होती. शेडवर पोचले तर मशिन बंद. एक कामगार दारात बसलेला, दुसरा सोडून गेलेला. सुनंदा टेबलापाशी होती आणि टेबलावर फोन नव्हता. बाळासाहेबांचं सिमकार्ड बँकेच्या कामाला लागतं म्हणून दादांनी नेलं होतं. जुनी बांधलेली गिऱ्हाइकं तिच्या स्वतःच्या नंबरवर फोन करायची, तेवढं काम सुरू होतं. नवीन फोन एकही नव्हता. आणि दादा येऊन सांगून गेले होते, मशिन पडून गंजून जाईल, दसरा झाला की टेंपो लावतो आणि माझ्या शेडात नेऊन टाकतो, तुला घरखर्चाला देत जाईन. ती जवळजवळ हो म्हणाली होती.

मी विचारलं, फोन का येत नाहीत, असं तुम्हाला वाटलं नाही? ती म्हणाली,

"मला वाटलं, मालक गेलं, आता बाई हाय, म्हनून लोकं फिरली."

हे ऐकून मला जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही, संपादक कापतील. माणसाने एखाद्याचं काम पळवलं तर पळवलं. पण तिला असं वाटू द्यायचं की दोष तिचा आहे, ती बाई आहे म्हणून, तिचं नशीब फुटलं म्हणून? आणि वर रोज येऊन विचारायचं, काही हवं-नको का?

मी माझ्या मोबाइलवर साइट उघडून तिच्यापुढे धरली. तिने आधी फोटो बघितला. स्वतःचा उघडा हात पुढे केला आणि फोटोशेजारी धरला. म्हणाली, माझाच हात हाय की ह्यो. मग खाली बघितलं. तो नंबर तिला पाठ होता. उठून भट्टीकडे गेली, तिथे काहीच काम नव्हतं, तरी तिथे उभी राहिली.

संध्याकाळी दादा आले. मी बोलायला लागले आणि मी काही हळू बोलत नाही. दादा शांतपणे ऐकत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की सगळं घरचंच आहे, फोन माझ्याकडे आला काय आणि तिच्याकडे आला काय. एकट्या बाईला कुणी फसवू नये म्हणून मी आपलं माझ्या अंगावर घेतलं. त्यांनी स्वतःच्या शेडात स्प्रिंगचं मशिन कधीच बसवलं होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, ते मला दारातल्या कामगाराने सांगितलं. सुनंदाने पदर नीट केला आणि एकच विचारलं.

"घरचंच हाय, तर एकतरी फोन माझ्याकडं का न्हाई लावून दिला, दादा?"

दादा म्हणाले, बघू, बदलू नंबर. चप्पल घालून निघून गेले. नंबर बदलला नाही. मी आठवण करून द्यायला फोन केला की ते उचलायचे, नमस्कार म्हणायचे, बघतो म्हणायचे. अशा गोड माणसांचा मला शिवराळ माणसांपेक्षा जास्त राग येतो.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, दावा लावता येईल, पण लांबेल. तोवर टेंपो येऊन गेला असता. मग मी सुनंदाला म्हटलं, तो पत्ता गेला असं समजा, आपण नवा घेऊ. तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर. त्यात गावाचंही नाव घालू, म्हणजे निघोज्यात शोधणाऱ्याला सापडेल. तिच्याकडे ईमेल नव्हता. तिथेच उघडला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा ती मला विचारायला लागली, काय टाकू? मी म्हटलं, मला सांगायचा नाही, कुणालाच सांगायचा नाही, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. एकेक अक्षर शोधून टाकायला तिला वेळ लागला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

फोटो खंडेनवमीला काढायचे ठरले. मी तिला म्हटलं, या वेळी चेहरा येऊ दे. आणि मोजायच्या पानासाठी हातही पुन्हा काढू, आहे तसा, उघडा असला तरी चालेल. ती म्हणाली, बघते.

खंडेनवमीला मी गेले तेव्हा मशिन पुसून ठेवलेलं होतं आणि सोडून गेलेला कामगारही आलेला होता. दादा आणि त्यांची बायको आली होती. थोरला म्हणून दरवर्षी नारळ दादा फोडायचे, ते नारळ हातात घेऊनच आले होते. टेंपोवाल्याला परवाचा सांगितलाय, हेही त्यांनी आल्या आल्या सांगितलं. तेवढ्यात सुनंदा आतून आली. दोन्ही हातांत भरून हिरव्या बांगड्या. गावातली कासारीण तिला बांगड्या भरायला तयार झाली नाही, म्हणून चाकणला जाऊन दुकानातून विकत आणून स्वतःच्या हाताने चढवलेल्या. दोन ठिकाणी मनगट खरचटलं होतं.

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. दादांचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. ते म्हणाले, वर्ष झालं न्हाई त्याला, लोकं काय म्हणतील? सुनंदाचा आवाज चढला नाही.

"लोकं रोज ह्याच बांगड्या बघत्यात, दादा. त्याच्या खाली तुमचा नंबर हाय. आता माझ्या सायटीवं बघतील, खाली माझा नंबर आसंल. हात तोच हाय, हे गिऱ्हाइकाला कळाया पायजे का न्हाई? फोटू काढा, ताई."

तिने शोक म्हणून, बंड म्हणून, नवऱ्याची आठवण म्हणून काही केलं नव्हतं. तिने धंद्याचा विचार केला होता. गिऱ्हाईक ज्या हाताला ओळखतं तो हात तिला परत हवा होता, आणि तो जुन्या फोटोत होता तसाच हवा होता. मी हात काढला, चेहरा काढला, मशिनला टेकून उभी असलेली सुनंदा काढली. मग तिने माळा चढवल्या. नारळ तिने घरचा आणून ठेवला होता. तो तिने स्वतः फोडला आणि दादांना म्हणाली, टेंपोवाल्याला सांगा, येऊ नको. दादांनी त्यांचा नारळ टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. जाऊबाई थांबल्या. त्यांनी प्रसाद घेतला, सुनंदाच्या खरचटलेल्या मनगटाकडे बघितलं, आणि गेल्या.

टेंपो आला नाही. मशिन निघोज्यातच आहे.

आता तुम्ही म्हणाल, शेवट चांगला झाला, मग एवढं रागवायचं कशाला? अहो, जुनी साइट अजून आहे! मोबाइल उघडा आणि शोधा, ती अजून वर दिसते, नवी खाली दिसते. नव्या साइटला वर यायला वेळ लागतो, तो काही नारळ फोडून कमी होत नाही. तो हात काढून टाका म्हणून मी दादांना अजून फोन करते. ते अजून नमस्कार म्हणतात. त्या हाताखालच्या नंबरवर आजही कुणीतरी फोन करत असेल, बांगड्या बघून, आणि तिकडून दादा बोलत असतील. आणि हे सगळं कशाने झालं? एका भल्या माणसाला भावाआधी स्वतःचं नाव लावणं बरं दिसेना, त्याने. तेव्हा हा अंक बाजूला ठेवा. आत्ता. उठा, आणि तुमच्या वेबसाइटचा पत्ता कुणाच्या ईमेलवर आहे ते बघून या. फराळ कुठे पळून जात नाही. आणि फोन जिच्या टेबलावर वाजतो, नंबर तिचा टाका. तिला लाज वाटत नसेल तर तुम्हाला कशाला वाटते?

गेल्या संक्रांतीच्या सुमाराला मी निघोज्याला दुसऱ्या कामाला गेले होते, म्हणून शेडवर डोकावले. मशिन चालू होतं. मी चहा घेत होते आणि टेबलावर तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने मशिनकडे पाठ केली आणि दुसऱ्या कानावर हात ठेवला. पलीकडच्याने बहुधा साहेबांना विचारलं असावं.

"साहेब न्हाईत. मी हाय, सुनंदा. स्प्रिंग हातात हाय का? मग आधी तारंची जाडी मोजा."